१९६५ साली तू टकला होशील

अमेरिकन हायस्कुलांची जुनी इयरबुकं वाचायचं मला व्यसन आहे. इयरबुक म्हणजे शाळेचा वार्षिकांक, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा नव्हे. आपल्या वार्षिकांकात मुख्याध्यापकांचं मनोगत असतं, शंभर टक्के निकालाचा फलक असतो आणि आठवीतल्या कुणीतरी पावसावर केलेली कविता असते. अमेरिकन इयरबुक हे मुख्यतः शाळा सोडून चाललेल्या बारावीच्या वर्गाचं, म्हणजे 'सीनियर' मंडळींचं पुस्तक. प्रत्येकाचा फोटो, त्याखाली टोपणनाव, क्लब, खेळ, महत्त्वाकांक्षा आणि एखादा शेरा. मागे कोरी पानं, मित्रमैत्रिणींनी त्यावर सह्या आणि चावट मजकूर खरडावा म्हणून. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ही पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर टाकली आहेत. एकदा आत शिरलं की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.

या पुस्तकांचं बरंचसं साहित्य टाकाऊ असतं. अठरा वर्षांच्या मुलांनी घाईत लिहिलेलं, खाजगी विनोदांनी भरलेलं. 'भूमितीच्या तासाला काय झालं ते आठवतं ना?' असं वाक्य ऐंशी वर्षांनी वाचणाऱ्याला काय आठवणार, कपाळ! तरीही १९४२ ते १९४५ या चार वर्षांची इयरबुकं मी पुन्हा पुन्हा उघडतो. विनोद तेच, साचेही तेच. पण हे विनोद करणाऱ्या मुलांना शाळेच्या फाटकाबाहेर काय वाट पाहतं आहे, ते ठाऊक होतं. आणि तरी त्यांनी ते केले.

इतिहास, मृत्युपत्र, भविष्य

सीनियर वर्गाच्या विनोदाचे तीन ठरलेले प्रकार. पहिला 'क्लास हिस्टरी', म्हणजे वर्गाचा इतिहास. पहिल्या वर्षी आपण किती बावळट होतो, कोणत्या मास्तरांच्या तासाला कोण झोपलं, नाटकात कुणाची मिशी गळून पडली, हे सगळं एखाद्या साम्राज्याच्या उदयास्ताच्या थाटात लिहायचं. दुसरा 'क्लास विल', म्हणजे मृत्युपत्र. आपल्याकडच्या दस्तऐवजात 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो की' अशी सुरुवात असते, तशाच गंभीर वकिली भाषेत सुरू करून सीनियर मंडळी आपली इस्टेट खालच्या वर्गाला देऊन टाकतात. इस्टेट काय, तर मागच्या बाकावरची जागा, बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम, उशिरा येऊनही पकडलं न जाण्याची कला, सहा फूट उंची (ही वर्गातल्या सर्वांत बुटक्याला). तिसरा प्रकार 'क्लास प्रॉफेसी', वर्गाचं भविष्य. लेखक वीसेक वर्षं पुढे जातो. कधी जादूच्या गोळ्यात पाहून, कधी रॉकेटमध्ये बसून, कधी भविष्यातलं वर्तमानपत्र उघडून. आणि प्रत्येकाचं काय झालं ते सांगतो. वर्गात सर्वांत आळशी असलेला मुलगा गादीचा कारखाना चालवतो आहे, बोलकी मुलगी मुक्यांच्या शाळेत शिकवते आहे, सर्वांत देखणा मुलगा टकला आणि ढेरपोट्या झाला आहे.

ही प्रथा अमेरिकन कॉलेजांच्या 'क्लास डे'मधून आली. हार्वर्डसारख्या जुन्या कॉलेजांत पदवीदानाच्या आसपास विद्यार्थ्यांचा स्वतःचा एक दिवस असे. त्यात भाषण, कविता आणि थट्टामस्करी चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बोस्टनच्या जॉर्ज के. वॉरन या फोटोग्राफरने कॉलेजच्या वर्गांचे अल्बम करून विकायला सुरुवात केली. १८८० नंतर हाफटोन छपाई आली, फोटो छापणं स्वस्त झालं, आणि कॉलेजची ऐट हायस्कुलांना परवडू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायस्कुलंही भराभर वाढत होती. तरी १९४० च्या सुमाराला सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलांपैकी जेमतेम निम्मी हायस्कूल पूर्ण करत. म्हणजे अनेक घरांत ही डिग्री घेणारी ती पहिलीच पिढी होती, आणि इयरबुक हे घरातलं पहिलं असं पुस्तक, ज्यात आपलं नाव छापून आलं आहे.

आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात फिशपाँड असतो, जुन्या लोकांच्या भाषेत शेलापागोटे. सगळ्यांसमोर नाव पुकारून एक बोचरी ओळ वाचायची आणि त्या व्यक्तीने उठून हसत हसत ती झेलायची. मला पडलेला फिशपाँड मी इथे सांगणार नाही, पण तो मला शब्दशः पाठ आहे आणि त्या वर्षाचे मार्क आठवत नाहीत. फरक एवढाच की फिशपाँड माणूस आज कसा आहे यावर असतो. अमेरिकन प्रॉफेसी तो उद्या कसा असेल यावर असते. १९४३ साली हा फरक फार मोठा होता.

टायर, साखर आणि लग्नाची मुलं

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा १९४२ च्या वर्गाचं शेवटचं वर्ष अर्धं उलटलं होतं. पुढचे बदल इयरबुकांत पानोपानी दिसतात. जानेवारी १९४२ मध्ये टायरचं रेशनिंग आलं, मे महिन्यात साखरेचं, नोव्हेंबरमध्ये कॉफीचं, डिसेंबरपासून देशभर पेट्रोलचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये बूट, त्यानंतर मांस आणि लोणी. वेगमर्यादा ताशी ३५ मैल झाली, कारण टायर झिजू नयेत. १९४३ च्या सुरुवातीला काही आठवडे सरकारने कापलेल्या पावावरही बंदी घातली होती. बायकांनी इतका आरडाओरडा केला की मार्चमध्ये ती मागे घ्यावी लागली.

हा सगळा माल विनोदाच्या भट्टीत पडला. मृत्युपत्रांत आता चारही चाकं गुळगुळीत झालेली गाडी वारसाला मिळू लागली, वापरून संपलेली रेशनची कुपनं मिळू लागली. नायलॉनचे मोजे पॅराशूटकडे गेल्यामुळे मुली पायांना रंग लावून मागे पेन्सिलीने शिवण काढत, त्यावर विनोद. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या नृत्याला, जायला पेट्रोल नाही, त्यावर विनोद. मुलीला फुलांचा गुच्छ देण्याऐवजी युद्धनिधीच्या दहा-दहा सेंटांच्या तिकिटांचा गुच्छ करून देण्याची पद्धत निघाली. आणि सर्वांत जास्त विनोद मुलांच्या टंचाईवर. साखरेसारखं मुलांचंही रेशनिंग झालं आहे, एका कुपनावर एक, ही कल्पना इतक्या मुलींना स्वतंत्रपणे सुचलेली आहे की ती त्या काळच्या हवेतच असणार.

शाळेचंही रूप पालटलं. १९४२ च्या सप्टेंबरात 'हायस्कूल व्हिक्टरी कोअर' नावाची देशव्यापी योजना निघाली: कवायत, प्रथमोपचार, विमानविद्येची तोंडओळख, भंगार गोळा करणं. सुतारकामाच्या वर्गांत मुलं विमानांची लाकडी मॉडेलं करत. ही खेळणी नव्हती. शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून नौदलाने देशातल्या शाळांकडून अशी पाच लाख मॉडेलं मागवली होती. रसायनशास्त्राचे मास्तर सैन्यात गेले की त्या जागी निवृत्त बाई परत येत. पुस्तकंही बारीक झाली, कारण कागदाची टंचाई, फिल्मची टंचाई, आणि फोटोंच्या ठशांसाठी लागणारं तांबं आणि जस्तही दारूगोळ्याकडे गेलेलं.

खरा बदल मात्र फोटोंच्या रांगांत दिसतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय अठरावर आणलं गेलं. वर्षाच्या उत्तरार्धात बोलावणं आलं तर शिकणाऱ्या मुलाला सत्र संपेपर्यंत मुदत मागता येई, त्यापुढे नाही. काही मुलं तेवढंही थांबली नाहीत. युद्धाच्या मध्यापर्यंत देशातल्या हायस्कुलांची पटसंख्या दहा लाखांहून अधिक घटली. कुणी सैन्यात, कुणी कारखान्यांत चांगल्या पगारावर. १९४४ च्या इयरबुकात काही मुलांचे फोटो गणवेशात आहेत, काहींच्या नावापुढे फोटोच नाही. 'महत्त्वाकांक्षा' या रकान्यात आदल्या वर्गांनी 'इंजिनियर', 'पशुवैद्य', 'लक्षाधीश' लिहिलं होतं. आता तिथे मुलामागून मुलगा एकच लिहितो: वैमानिक, नौदल, मरीन. अठरा वर्षांच्या माणसाची महत्त्वाकांक्षा सरकारने भरून दिलेली.

आणि याच पानांना लागून मृत्युपत्र! शाळेत गंमत म्हणून मृत्युपत्र लिहिलेला मुलगा काही आठवड्यांनी भरती केंद्रावर रांगेत उभा राही, तेव्हा त्याच्यासमोर विम्याचा खरा फॉर्म येई. सरकारी योजनेत सैनिकाला दहा हजार डॉलरपर्यंत आयुर्विमा घेता येत असे, आणि वारस म्हणून कुणाचं नाव घालायचं ते तिथेच लिहायचं असे. बहुतेक जण आईचं नाव लिहीत असणार. अठराव्या वर्षी दुसरं कोण असतं? शाळेतल्या मृत्युपत्रात त्याने आपला शेवटचा बाक एखाद्या ज्युनियर मुलाला दिलेला असे. दोन्ही कागदांत अंतर एका उन्हाळ्याचंही नाही.

टकला हो, लठ्ठ हो

सुरुवातीला मला हे विनोद वाचताना थोडा रागच येई. बाहेर एवढं जग जळत असताना यांना गादीचा कारखाना कसला सुचतो? नंतर एक गोष्ट लक्षात येऊ लागली. युद्धकाळातल्या प्रॉफेसी वाचताना मी पाहत गेलो की त्यांत कोण मरतं. कुणीच मरत नाही. एकही मुलगा नाही. वर्गात चाळीस जण असोत की चारशे, वीस वर्षांनी सगळे हजर असतात. कुणाला सहा पोरं, कुणाचा तिसरा घटस्फोट, कुणी टोकियोत हॉट डॉगचं दुकान टाकलेलं, कुणी चंद्रावर जाणाऱ्या बसचा कंडक्टर. पण सगळे जिवंत.

ही अर्थात साच्याचीच मर्यादा आहे. १९२५ च्या प्रॉफेसीतही कुणी मरत नाही. विनोदी भविष्यात मरण बसत नाही. पण जे १९२५ मध्ये नुसता साचा होतं, ते १९४३ मध्ये दुसरंच काही झालं. वर्गातल्या सर्वांत देखण्या मुलाला 'तू १९६५ साली टकला होशील, तुझं पोट सुटेल' असं सांगणं म्हणजे त्याला १९६५ साल देणं. आपल्याकडे वाकून नमस्कार केला की म्हातारी माणसं 'औक्षवंत हो' म्हणतात. अठरा वर्षांचं पोर दुसऱ्या अठरा वर्षांच्या पोराला 'औक्षवंत हो' कसं म्हणणार? लाज वाटेल. ते 'टकला हो' म्हणतं.

लिहिणाऱ्यांना हे कळत होतं का? सगळ्यांना नसेल. पण वर्गाच्या पुढे याच पुस्तकांत सन्मानफलक असे: या शाळेतून गेलेल्या आणि सैन्यात असलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं, आणि मेलेल्यांच्या नावापुढे सोनेरी तारा. १९४४ चा वर्ग ज्या मुलांच्या मागच्या बाकावर बसून वाढला, त्यांची नावं त्या यादीत होती. ज्याने आपल्याला दोन वर्षांपूर्वी मृत्युपत्रात सहा फूट उंची दिली होती, त्याच्या नावापुढे तारा पाहून मग त्याच खोलीत बसून प्रॉफेसी लिहायची. अशा वेळी कुणालाही न मारण्याचा नियम नुसता साचा राहत नाही.

जे यशस्वी होणार होते

भविष्य खरं किती ठरलं? नावगाव नसलेल्या मुलांचा माग काढणं मला योग्य वाटत नाही. पण त्या पिढीतल्या काही जणांची आयुष्यं सर्वांसमोर आहेत.

कॅन्ससमधल्या रसेल या छोट्या गावातून १९४१ साली हायस्कूल संपवलेला बॉब डोल हा उंचापुरा खेळाडू मुलगा. गावातल्या औषधाच्या दुकानात सोडा फाउंटनवर काम करायचा. डॉक्टर व्हायचं ठरवून विद्यापीठात गेला. दुसरा मुलगा होनोलुलूच्या मॅकिन्ली हायस्कूलचा, डॅनियल इनोये, १९४२ चा वर्ग. या शाळेत जपानी वंशाची इतकी मुलं होती की तिला गमतीने 'टोकियो हाय' म्हणत. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्या सकाळी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला हा सतरा वर्षांचा मुलगा जखमींच्या मदतीला धावला. हवाईतल्या शाळा पुढे फेब्रुवारीपर्यंत बंद होत्या. उघडल्या तेव्हा मुलं दप्तराबरोबर गॅसचे मुखवटे घेऊन जात होती. इनोयेलाही डॉक्टर व्हायचं होतं, शल्यविशारद.

१४ एप्रिल १९४५ ला उत्तर इटलीच्या डोंगरात डोलच्या खांद्यात आणि पाठीत गोळ्यांचे तुकडे घुसले. उजवा हात कायमचा निकामी झाला. एका आठवड्याने, २१ एप्रिलला, त्याच इटलीत इनोयेचा उजवा हात गेला. दोघे भेटले मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या लष्करी रुग्णालयात. शल्यविशारद होऊ पाहणारी दोन पोरं, दोघांत मिळून चालणारे उजवे हात शून्य. डोलने राजकारणात शिरायचा आपला बेत इनोयेला सांगितला. इनोयेने तो ऐकून घेतला आणि त्याच्या आधीच, १९५९ साली, अमेरिकन संसदेत पोचला. पुढे दोघेही सिनेटर झाले. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. त्या रुग्णालयाच्या इमारतीला आज त्या दोघांचं आणि तिथेच उपचार घेतलेल्या फिलिप हार्ट या तिसऱ्या सिनेटरचं नाव आहे. कुठल्याही वर्गाच्या प्रॉफेसीत हे लिहिलं असतं तर संपादकाने 'फारच ओढूनताणून' म्हणून कापलं असतं.

हुशार मुलांची गोष्ट वेगळीच. इयरबुकात 'यशस्वी होण्याची सर्वाधिक शक्यता' असलेला मुलगा-मुलगी मतं घेऊन निवडतात. अशा मुलांसाठी लष्कराने १९४३ मध्ये खास योजना काढली: परीक्षा घेऊन निवडायचं, गणवेश द्यायचा आणि लढाईऐवजी कॉलेजात पाठवून इंजिनियरिंग, भाषा वगैरे शिकवायच्या. आयांना हायसं वाटलं असेल. १९४४ च्या सुरुवातीला पायदळात माणसं कमी पडू लागली आणि योजना जवळजवळ गुंडाळली गेली. एक लाखाहून अधिक हुशार मुलं वह्या मिटून थेट लढाऊ तुकड्यांत गेली. इंडियानापोलिसच्या शॉर्टरिज हायस्कूलमध्ये शाळेच्या दैनिकाचा संपादक असलेला कर्ट व्हॉनेगट त्यांतलाच. डिसेंबर १९४४ मध्ये बल्जच्या लढाईत तो जर्मनांच्या हाती सापडला, आणि फेब्रुवारीत ड्रेस्डेन जळालं तेव्हा तिथल्या कत्तलखान्याच्या तळघरात होता. पुढे त्यावर त्याने जी कादंबरी लिहिली तिच्यात माणूस काळात पुढेमागे घसरत राहतो आणि आपलं भविष्य आधीच पाहतो. क्लास प्रॉफेसीचाच साचा, पण यात मरण आहे, आणि ते पानोपानी आहे.

इथे एक आपल्याकडची नोंद. डोल जखमी झाला त्याच्या पाच दिवस आधी, ९ एप्रिल १९४५ ला, त्याच मोहिमेच्या दुसऱ्या टोकाला सेनिओ नदीवर अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव हा मराठा पायदळाचा शिपाई जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाणी आणि सुरुंग ओलांडत होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो परत आला. आदल्या जुलैत इटलीतच लढताना पडलेल्या रायगडच्या यशवंत घाडगेला तो मरणोत्तर मिळाला. त्याचं वय होतं बावीस. या मुलांना कुणी 'तू टकला होशील' असं लिहून दिलं नव्हतं. ज्या वर्गात असं लिहून देतात, तिथवर पोचणं ही त्या काळी आपल्या खेड्यांतल्या मुलांसाठी दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट होती.

मुलींचं भविष्य

प्रॉफेसी लिहिणाऱ्यांची कल्पनाशक्ती चंद्रापर्यंत जाई, पण मुलींच्या बाबतीत टायपरायटरपाशी अडे. मुलगी एक तर साहेबाची सेक्रेटरी, नाही तर सिनेनटी, नाही तर कजाग बाई, नाही तर कुणाची तरी बायको. हे लिहिलं जात होतं त्याच वेळी त्या वर्गांतल्या मुली विमानांच्या कारखान्यात रिव्हेट ठोकायला जात होत्या. १९४३ मध्ये सरकारने कॅडेट नर्स कोअर काढली. फुकट शिक्षण, गणवेश, वर विद्यावेतन. हायस्कूल संपवलेल्या मुलींची झुंबड उडाली आणि एक लाख वीस हजारांच्या आसपास मुली त्यातून नर्स होऊन बाहेर पडल्या.

गंमत म्हणजे पुढे टायपरायटरवाल्यांचंच खरं झालं, त्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त. युद्ध संपल्यावर कारखान्यांनी मुलींना घरी पाठवलं. १९४० मध्ये अमेरिकन मुलीच्या पहिल्या लग्नाचं मध्यवर्ती वय साडेएकवीस होतं. १९५० पर्यंत ते वीसच्या थोडं वर आलं. मुलं मात्र जून १९४४ च्या जी. आय. कायद्याने सरकारी पैशावर कॉलेजात गेली. 'सहा पोरं' हा प्रॉफेसीतला हमखास हशा पिकवणारा विनोद होता. बेबी बूमच्या वर्षांत त्याला कुणी हसलं नसतं, मोजलं असतं.

कुंपणाच्या आतलं इयरबुक

आता मी ज्या पुस्तकांपाशी सर्वांत जास्त थांबतो ती. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून दहा छावण्यांत डांबलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हे बारावीचं सत्र संपायच्या आत घडलं. काहींना डिप्लोमा टपालाने मिळाला.

छावण्यांत हायस्कुलं निघाली, आणि हायस्कूल निघालं म्हणजे इयरबुक आलंच. युटामधल्या टोपाझचं 'रॅम्बलिंग्ज', आयडाहोतल्या मिनिडोकाचं 'मेम्वार्स', वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनचं 'टेम्पो'. कॅलिफोर्नियाच्या मॅन्झनारमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाकं नव्हती, मुलं जमिनीवर बसत. तिथलं १९४३-४४ चं इयरबुक 'अवर वर्ल्ड', म्हणजे 'आमचं जग'. उघडून पाहा: गायनवृंद, नाटक, खेळ, विद्यार्थी प्रतिनिधी, कवायतीचा दांडा फिरवणाऱ्या मुली. कुठल्याही अमेरिकन शाळेचं वाटावं. फक्त पार्श्वभूमीला बराकी आहेत आणि त्यामागे सिएराचे डोंगर.

मला आधी वाटे, हे स्वतःची फसवणूक करणं आहे. आता तसं वाटत नाही. सरकार त्यांना सांगत होतं की तुम्ही वेगळे आहात. इयरबुकाचा सगळा साचा, तो मूर्ख विनोद, ती टोपणनावं, हे सांगत होते की आम्ही तुमच्याच बारावीतली पोरं आहोत. साचा मोडायचा हट्ट करणं सुखवस्तूंना परवडतं. ज्यांच्याकडून सगळंच हिसकावून घेतलं आहे, त्यांच्यासाठी साचा जसाच्या तसा पाळणं हाच हट्ट असतो. शिवाय १९४३ च्या सुरुवातीला छावण्यांतल्या सतरा वर्षांवरच्या सर्वांना एक प्रश्नावली भरावी लागली होती: सैन्यात जाल का, अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का. पुढच्या जानेवारीत त्यांच्यासाठी भरतीही सुरू झाली. म्हणजे 'वीस वर्षांनी तू कुठे असशील?' हा प्रश्न त्या मुलांना दोघे जण विचारत होते. एक सरकार, आणि एक वर्गातला विनोदी मुलगा. दुसऱ्याला उत्तर देणं जास्त सोपं होतं.

मॅन्झनारच्या १९४५ च्या शेवटच्या इयरबुकात एक फोटो आहे: काटेरी तार आणि ती कापायला सरसावलेला पकड धरलेला हात. फोटो तोयो मियाताके यांचा. छावणीत कॅमेऱ्याला बंदी असताना त्यांनी भिंग लपवून आणलं होतं आणि लाकडी खोक्याचा कॅमेरा करून घेतला होता. पुढे त्यांना अधिकृतपणे फोटो काढायची परवानगी मिळाली, शाळेच्या मुलांचेसुद्धा.

दुसऱ्या बाजूला

अमेरिकन मुलांना हे सगळं छापता आलं याचं एक कारण साधं आहे. त्यांचं युद्ध समुद्रापलीकडे होतं. जर्मनीतही शाळा सोडणाऱ्या वर्गाने मास्तरांची टिंगल करणारं थट्टापत्र काढायची जुनी प्रथा होती. पण तिथे युद्धात 'नोटआबिटूर' आली, मुलांना लवकर मोकळं करण्यासाठी घाईने उरकलेली शालान्त परीक्षा. १९४३ च्या फेब्रुवारीपासून तर पंधरा-सोळा वर्षांची मुलं विमानवेधी तोफांवर नेमली गेली आणि मास्तर शिकवायला तोफांपाशी जाऊ लागले. जपानमध्ये विद्यार्थ्यांची पदवी मुदतीआधीच उरकून त्यांना रवाना केलं गेलं. २१ ऑक्टोबर १९४३ ला टोकियोत भर पावसात खांद्यावर बंदुका घेतलेल्या हजारो विद्यार्थ्यांचं संचलन झालं. तिथे भविष्य एकच होतं आणि ते विनोदी नव्हतं.

अमेरिकेचे या युद्धात चार लाखांहून अधिक लोक मेले. इतर देशांच्या मानाने कमी, पण सीनियर वर्गाच्या फोटोंच्या रांगांत ते विखुरलेले आहेत. पुष्कळ मुलं शाळा अर्धवट टाकून गेली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मॅसॅच्युसेट्स आणि मग इतर राज्यांनी अशा म्हाताऱ्यांना बोलावून त्यांचे हायस्कूल डिप्लोमा दिले. २००३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने छावणीत नेलेल्यांनाही दिले. पंचाहत्तरी उलटलेले लोक झगा आणि चौकोनी टोपी घालून नातवंडांसमोर मंचावर चढले.

त्या वर्गांतले जे आज हयात आहेत ते शंभरीला टेकले आहेत. मधल्या काळात त्यांच्या रीयुनियन होत राहिल्या, दहा वर्षांनी, पंचवीस वर्षांनी, पन्नास वर्षांनी. अशा मेळाव्यात जुनी प्रॉफेसी वाचून दाखवायची पद्धत अनेक ठिकाणी असते. पंचविसाव्या वर्षी ती वाचली जाते तेव्हा चंद्रावरच्या बसला हशा पिकतो, गादीच्या कारखान्याला पिकतो. मग 'अमुक तमुक टकला झाला आहे' हे वाक्य येतं, आणि तो अमुक तमुक सभागृहात असेल तर उठून सगळ्यांना डोकं दाखवतो. तो नसेल तर वाचणारा क्षणभर थांबतो आणि पुढचं नाव घेतो.

यादी आद्याक्षरांप्रमाणे असते, त्यामुळे कुठे थांबावं लागणार हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं.